शिट्टी कुणाच्या कुकरची

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, ही गोष्ट आमच्या घरात एक माणूस सोडून सगळ्यांना माहीत होती. तो एक माणूस म्हणजे सासरे. "मला समदं ऐकू येतं. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की तेवढं मात्र त्यांना बरोबर कळायचं, आणि ते उठून गॅलरीत जाऊन कढीपत्त्याला पाणी घालायला लागायचे. त्या कढीपत्त्याने आमच्या घरातली किती भांडणं प्यायलीत, त्यालाच ठाऊक.

सासऱ्यांचं नाव जोतीराम. मी बाबा म्हणते. मूळचे साताऱ्याकडचे. उभा जन्म वाशीच्या मार्केटात पोती उचलण्यात गेला, आता कामोठ्याला आमच्याबरोबर असतात. मार्केटात असताना गाववाल्यांच्या खोलीवर सगळ्यांचा स्वयंपाक तेच करायचे, त्यामुळे हाताला चव आहे. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस आता काही खरं नाही असं आम्हाला वाटलं होतं. पण तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर हे ओट्यापाशी उभे, कांदा चिरतायत. तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांचं. मला आयता डबा मिळतो. ऑफिसातल्या बायका ऐकून उसासे टाकतात आणि मी त्यांना अजून थोडं जळवते.

सगळं बिनसलं ते तुरीच्या डाळीवरून. बाबांनी कुकर चढवला आणि गॅलरीत गेले. मी आंघोळीला. माझा नवरा स्वराज कानात हेडफोन घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. कुकर बिचारा शिट्ट्या मारून मारून थकला, पाणी आटलं, वरचा व्हॉल्व्ह उडाला आणि डाळ थेट छतावर. ओल्या केसांनी मी बाहेर धावत आले तर एक्झॉस्ट फॅनमधून पिवळे थेंब गळतायत आणि बाबा अजून गॅलरीतच.

कुणाला काही झालं नाही. पण स्वराज ओरडला. घाबरला की तो रागावल्यासारखाच ओरडतो, आणि बाबांशी बोलायचं म्हणजे आधीच ओरडावं लागतं, त्यामुळे ते सगळं फार मोठ्याने झालं. "आजपासून गॅसला हात लावायचा नाही. एक तारखेपासून स्वयंपाकाला मावशी येतील. विषय संपला."

बाबा स्टुलावर चढून छत पुसत होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "बरं," म्हणाले. "मंग मी गावाला जातो. हितं बसून काय करू, तुमच्या तोंडाकडं बघत?"

मला वाटलं, रागात बोलले. संध्याकाळी बघते तर माळ्यावरची बॅग खाली आलेली आणि तिच्यात दोन धोतरं घडी घालून ठेवलेली. गावाला चुलतभावाच्या घराशेजारी एक खोली आहे त्यांची, बाकी कुणी नाही. न ऐकू येणारा माणूस एकटा तिथे गॅस पेटवणार, आणि त्याची काळजी करायला आम्ही इथे खाडीच्या काठावर. माझं डोकंच फिरलं. स्वराजवरही आणि बाबांवरही.

"एक तारखेपर्यंत थांब," मी स्वराजला म्हटलं. "तोवर मी शेजारी उभी असेन तेव्हाच बाबा गॅस लावतील. कानाशिवाय शिट्टी कळेल असं काहीतरी मी बनवते. डब्याच्या वेळेला तुझ्यासमोर चालवून दाखवते. चाललं तर मावशी नाहीत आणि बाबा कुठे जाणार नाहीत. नाही चाललं तर तुझं खरं."

"चालेल," स्वराज म्हणाला. त्याच्या तोंडावर विश्वास दिसत नव्हता, त्यामुळे मी आणखीच पेटले.

आता हे माझं रोजचंच काम आहे. महापेला एका छोट्या कंपनीत लिफ्टच्या पॅनलचे प्रोग्रॅम तपासते मी. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, म्हणून स्वतःच्या हातून चूक होते यावर माझा फारसा विश्वास नाही. काड्यापेटीएवढा एक बोर्ड घेतला. त्याला एक छोटा माइक जोडला. हा बोर्ड यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला लावायचा, लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याच वायरीतून बोर्डात चढवायचा. मग बोर्डाला जे काय कळतंय ते तो त्याच वायरीतून परत सांगतो आणि लॅपटॉपवर एकेक ओळ उमटत जाते. चुकला की ह्या ओळी वाचून त्याची उलटतपासणी घ्यायची. दुसरा, याहून लहान बोर्ड बाबांच्या मनगटासाठी. त्यात जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर बसवली, घड्याळाचा पट्टा लावला. ओट्यावरच्या बोर्डाने शिट्टी ऐकली की मधे वायर नसतानाही मनगटावरचा थरथरणार. इतकं सोपं.

बाबांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. "ह्ये काय, राखी?"

"शिट्टी झाली की हाताला कळेल, बाबा." मी ओरडून सांगितलं.

"मला ऐकू येतीया की शिट्टी. त्या दिशी मी गॅलरीत हुतो म्हणून." पण पट्टा त्यांनी बांधून घेतला. माझ्यासाठी म्हणून, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

रविवारी दुपारी बटाटे उकडले. तीन शिट्ट्या, तीन वेळा थरथर, स्क्रीनवर तीन ओळी. मी स्वतःची पाठ थोपटली आणि स्वराजला ऐकू जाईल अशा आवाजात एक गाणंही गुणगुणलं. सोमवारी सकाळी डब्याच्या वेळेला डाळभात लावला. शिट्ट्या तीन, पट्टा थरथरला पाच वेळा. मंगळवारी तीनच्या जागी सात.

"तुझ्या यंत्राला मोजता येत न्हाई," बाबा शांतपणे म्हणाले. "शाळंत घाल त्याला."

मग मी त्या बोर्डाच्या मागेच लागले. एकच शिट्टी तुटक वाजली तर तो दोनदा मोजत असेल म्हणून एक ओळ घातली की, बाबा रे, एकदा मोजलंस की जरा दम खा. प्रोग्रॅम चढवायला गेले तर लॅपटॉपला बोर्डच दिसेना. वायर बदलली, बटण दाबून धरलं, शिव्या घातल्या, दिसला. घाईघाईत ओट्याचा प्रोग्रॅम मनगटाच्या बोर्डात चढवला आणि अर्धा तास विचार करत बसले की मोटर का मेली. फोनवर शिट्टी रेकॉर्ड करून ती टेबलावर पुन्हा पुन्हा वाजवली. टेबलावर सगळं बरोबर. एक शिट्टी, एक ओळ. ओट्यावर नेऊन ठेवलं की पुन्हा तेच, चार काय, सहा काय. टेबलावर शहाणं, ओट्यावर येडं. फोडणीचा आवाज धरतोय का म्हणून फोडणी देऊन बघितली. मिक्सर फिरवून बघितला. नाही. मला रडू यायचं बाकी राहिलं.

"तेजू, राहू दे," एका संध्याकाळी स्वराज म्हणाला. "मावशींशी माझं बोलणं झालंय. चांगल्या आहेत."

"असतील. एक तारीख झालीय का?"

बॅग बाबांच्या पलंगाखाली तशीच होती. रोज केर काढताना मला दिसायची.

शेवटी मी ऑफिसात अर्धी रजा टाकली. बोर्ड टेबलावर आणून उलटतपासणी घ्यायची हेच चुकतंय, असं माझ्या उशिरा लक्षात आलं. गुन्हा ओट्यावर होतो तर तपासही ओट्यावर, आणि तोही डब्याच्या वेळेला. सकाळी लॅपटॉप उचलला, तांदळाच्या डब्यावर ठेवला, यूएसबीची वायर बोर्डाला लावली आणि स्टूल घेऊन स्क्रीनसमोर बसले. स्वराज लवकर निघून गेला होता. बाबा माझ्या शेजारीच, पट्टा काढून ठेवून त्यांचं त्यांचं चाललेलं.

स्क्रीनवर ओळ आली. शिट्टी १.

"बाबा, एक झाली हां," मी हात हलवून दाखवलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग सिंककडे. "कशाची? कुकर धुतोय मी अजून."

खरंच. कुकर त्यांच्या हातात होता, साबणाने भरलेला. शेगडीवर काहीच नव्हतं. गॅस बंद. मी स्क्रीनकडे बघते तर शिट्टी २.

मी मान वर केली आणि मग मला ऐकू आलं. म्हणजे रोजच येत असणार, मी आज ऐकलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडते. त्याच डक्टमध्ये सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं. आणि डब्याच्या वेळेला सगळी विंग शिट्ट्या मारत होती. एक जाड, घोगरी. एक बारीक, चिरकणारी. एक लांबलचक, संपता संपत नाही अशी. इतकी वर्षं ह्या शिट्ट्यांमध्ये राहून माझे कान त्या ऐकेनासेच झालेत. आपला कुकर कोणता हे कानाला आपोआप कळतं, बाकीचे तो बाजूला टाकतो. पण हे मी बोर्डाला सांगायला हवं होतं, आणि मला ते सुचलंच नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं की मी ते करते. आणि रविवारच्या दुपारी सगळी विंग जेवून झोपलेली. म्हणून तेव्हा सगळं बरोबर. महापेला लिफ्ट तपासणारी बाई मी, शेजाऱ्यांचे कुकर मोजत बसले होते.

खात्री करायला वरच्या मजल्यावर संघप्रियाला फोन लावला. ती पनवेलला बँकेत आहे, सकाळी तिच्याकडेही पळापळ असते.

"तुझा कुकर लावलाय का आत्ता?"

"लावलाय. राजमा. का गं?"

"शिट्टी वरून जरा चमच्याने उचल."

"काय?"

"उचल ना. मग सांगते."

वरून फस्स झालं आणि स्क्रीनवर शिट्टी ३ आली. मी हसायलाच लागले. संघप्रिया फोनवर विचारत होती की तिच्या राजम्याने माझं काय घोडं मारलंय, आणि मला हसू आवरेना. मी तिला नंतर करते म्हणून फोन ठेवला.

बाबा कुकर हातात धरून तसेच उभे होते. "काय झालं?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. खिडकीकडे बोट दाखवलं, वर बोट दाखवलं. "वरच्यांच्या शिट्ट्या मोजतंय हे. संघप्रियाकडची."

"आता वाजली?"

"हो."

स्क्रीनवर चार झाले. "ही पण आताच?"

"हो, बाबा. ही खालच्यांची असेल."

बाबांनी कुकर ठेवला, हात पुसले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. उजवा कान जाळीला लावला. त्यांच्या पाठीमागे पाच झाले, सहा झाले. सहावी इतकी जोरात होती की मीच दचकले. बाबा हलले नाहीत. मग वळून त्यांनी स्क्रीन बघितला.

"वरच्यांची लांब पडती," ते म्हणाले. "थांब. आपला लावू."

मी खिडकी बंद केली. त्यांनी डाळीचं आणि भाताचं भांडं कुकरात ठेवलं, झाकण लावलं, शिट्टी बसवली, गॅस पेटवला. मग स्टूल माझ्याकडून काढून घेतलं, शेगडीकडे पाठ करून बसले आणि डोळे मिटले. "मला ऐकू आली की हात वर करतो. तू कायबी सांगू नगंस."

मला ते नको होतं. खरंच सांगते, उठून पळून जावं असं वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि मी वायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

पहिली शिट्टी झाली. अशी जवळून, अंगावर आल्यासारखी. त्यांचा हात मांडीवरच होता. दुसरी झाली. हात मांडीवरच. चेहरा मात्र अगदी लक्ष देऊन ऐकणारा. तिसरीला मी स्वतःच गॅस बंद केला.

वास आला असेल, किंवा मी हलल्याचं कळलं असेल. त्यांनी डोळे उघडले, स्क्रीनवर बघितलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, नऊ. आधीचे सहा आणि हे तीन. हिशेब त्यांना सांगायची गरज नव्हती, मार्केटात पोती मोजलेला माणूस.

"मंग इतके दिस मी काय ऐकत हुतो?" ते म्हणाले.

मी ओरडून बोलले नाही. त्यांच्या समोर जाऊन बसले, तोंड दिसेल अशी. "तुम्ही वाफ बघत होता, बाबा. समोर उभे असायचात ना. वाफ दिसली की तुम्हाला शिट्टी आठवत असणार."

त्यांनी मान हलवली. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका मोठा आणि खरखरीत आहे की माझा त्यात दिसतच नव्हता. मला रडू आलं, मी रडले. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं, जणू मलाच ऐकू येत नव्हतं.

"ह्ये यंत्र नीट कर," ते म्हणाले. "त्या स्वराजला दाखवायला न्हवं. मला पायजे."

त्या दिवसानंतर पट्टा त्यांनी राखीसारखा बांधला नाही. स्वतः हात पुढे करायला लागले, आणि घट्ट झाला, सैल झाला अशा तक्रारीही करायला लागले. मला त्या तक्रारींचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

माइक मी काढूनच टाकला. आवाजाला भिंत नसते, हे कळल्यावर आवाजावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. वाजणाऱ्या खेळण्यांत एक पितळी चकती असते, तिला कंप बसला की ती किंचित वीज सोडते. तसली चकती शेगडीच्या एका पायाखाली सरकवली. आपला कुकर शिट्टी मारतो तेव्हा अख्खी शेगडी थरथरते. संघप्रियाचा कुकर कितीही बोंबलला तरी आपली शेगडी हलत नाही. भांडं आपटलं, पोळपाट ठेवला तर तो धक्का क्षणभराचा, तो सोडून द्यायचा. थरथर थोडा वेळ टिकली तरच शिट्टी. वायर लावली, चढवलं, आणि पुढची प्रत्येक सकाळ लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर. बाबा भाजी फोडणीला टाकता टाकता स्क्रीन वाचायचे. "तुझं यंत्र गप हाय बघ. विंग सगळी वरडत असंल आता." वाचून झालं की मला विचारायचे, "वरडतीया का?" मी हो म्हटलं की खूश.

महिनाअखेरीला स्वराज ऑफिसचे कपडे घालून ओट्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला. परीक्षकच. हातातला फोन ओट्यावर ठेवला, हातांची घडी घातली. लॅपटॉप मी मुद्दाम आत ठेवला होता, वायर काढलेली, बोर्डाला भिंतीतला चार्जर. आता त्याला कुणाचा आधार नको. बाबांनी कुकर चढवला आणि शेगडीकडे पाठ करून मेथी निवडायला घेतली. हे त्यांनी आपणहून केलं. स्वराजची भुवई वर गेली.

पहिली शिट्टी. बाबा मेथीची काडी मोडत म्हणाले, "येक." दुसरी. "दोन." स्वराजने माझ्याकडे बघितलं. मी चेहरा कोरा ठेवला.

आणि मग, शिट्टी झालेली नसताना, बाबांचा पट्टा थरथरला. मी त्यांच्या मनगटाकडेच बघत होते, मला दिसलं. आता हे तीन म्हणणार, गॅस बंद करणार, डाळ कच्ची राहणार आणि पलंगाखालची बॅग उद्या दारात. बाबा उठले, वळले, हात गॅसच्या खटक्याकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी कुकरकडे बघितलं, वाफ नव्हती. मनगट अजून थरथरतच होतं. त्यांनी शेगडी बघितली, ओटा बघितला, हात टेकून बघितला, आणि ओट्याच्या टोकापर्यंत गेले.

"स्वराज," ते म्हणाले, "तुझा फोन वाजतोय."

फोन सायलेंटवर होता. दगडी ओट्यावर पालथा पडून नुसता गुरगुरत होता. फोन करत होता खाली गाडीत थांबलेला त्याच्या ऑफिसचा मित्र. एक्झॉस्ट चालू होता, मला ऐकू आला नव्हता. स्वराजला, ज्याचा फोन, त्यालाही नाही. घरात तो एकट्या बाबांना कळला होता.

स्वराजने फोन उचलला आणि उचलून हातात तसाच धरला. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली. "आता तीन," बाबा म्हणाले, आणि गॅस बंद करून पुन्हा मेथीकडे वळले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

"ती चूक आहे," मी घाईघाईने स्वराजला सांगायला लागले. "फोनची थरथर पण टिकून राहते ना, म्हणून त्याला शिट्टी वाटली. एका ओळीचं काम आहे. आत्ता वायर लावते, दोन मिनिटांत काढते."

"थांब," स्वराज म्हणाला. त्याने त्याचा फोन पुन्हा ओट्यावर ठेवला, माझा फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःलाच फोन लावला.

बाबांची पाठ आमच्याकडे होती. पट्टा थरथरला. ते वळले. "आता काय? गॅस तर बंद हाय."

"काही नाही, बाबा." स्वराज नेहमीसारखा ओरडला नाही. बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. "हाक मारली."

बाबांनी मनगटाकडे बघितलं, मग लेकाकडे. इतकी वर्षं त्यांना मागून हाक मारायची म्हणजे एकतर बोंब ठोकायची, नाहीतर खांद्याला हात लावून दचकवायचं. बोंब ठोकली की ते चिडायचे, दचकले की आम्ही चिडायचो. मग हळूहळू हाक मारणंच कमी झालं होतं, आणि ते कमी झालंय हेही कुणी बोललं नव्हतं.

"मावशींना सांगतो, नको म्हणून," स्वराज म्हणाला.

"समदं नको कशाला? पोळ्या करू दे की त्यांना," बाबा म्हणाले. "माझ्या वातड हुत्यात. तुमी भीत भीत खाता."

हसू आलं तरी स्वराजचे डोळे भरलेच होते, ते लपवायला तो बूट घालायला गेला. खाली मित्र हॉर्न वाजवत होता. तो हॉर्न पट्ट्याला काही ऐकू जाण्यातला नव्हता.

फोनची ती चूक मी काढली नाही, फोनच ओट्यावर ठेवायचा नाही असं ठरवलं. लॅपटॉप बाहेर आणला, तांदळाच्या डब्यावर ठेवला, यूएसबीची वायर लावली आणि प्रोग्रॅमच्या शेवटी आणखी चार ओळी लिहिल्या. थरथर लांब टिकली तर शिट्टी, पट्टा एकदा लांब थरथरेल. ओट्यावर दोन बोटांनी टक टक, जरा थांबून पुन्हा टक टक केलं तर ती हाक, पट्टा दोनदा आखूड थरथरेल. भाकरी थापताना काय होईल ते होईल, त्याचं मी नंतर बघेन. बाबा शेजारी उभे राहून बोर्डावरचा दिवा लुकलुकताना बघत होते. चढलं की तो दिवा थांबतो, हे त्यांना आता माहीत झालंय.

"त्या कानाच्या डॉक्टरची येळ घिऊन ठीव," ते मधेच म्हणाले. मी मान वर केली तर ते मेथी धुवायला गेलेले.

संध्याकाळी स्वराज घरी आला. बाबा पाठमोरे, आमटी ढवळत. मी त्याला खुणेने दाखवलं, काय करायचं ते. तो बूटही न काढता ओट्यापाशी गेला आणि दोन बोटांनी दगडावर टक टक केलं, थांबला, पुन्हा टक टक.

बाबांनी हातातला डाव सोडला नाही, वळूनही बघितलं नाही. ते म्हणाले, "ओ."